बोट कुठे आणि बोट कोणाचे

काशीदच्या किनाऱ्यामागे, २०२० च्या निसर्ग वादळातून वाचलेल्या सुरूंच्या आडोशाला, घरगुती जेवण देणारी एक खाणावळ आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिथे उतरलो होतो. आम्ही म्हणजे मराठी शिकवणारे तिघेजण. आणि आमची गाडी चालवायला राजी झालेले, आमच्याच महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे एक सहकारी. जेवणाला अवकाश होता. पाहुण्यांसाठी म्हणून खास काढलेल्या काचेच्या पेल्यांत पाणी आले, आणि सहकारी म्हणाले, "पेला हातात घ्या, पण पिऊ नका. वरून, पाण्यातून, पेल्याच्या भिंतीकडे तिरके पाहा."

वाचकांनीही हा प्रयोग घरी जरूर करावा. पाण्यातून पाहिले की पेल्याची भिंत आतून चांदीचा मुलामा दिल्यासारखी चकाकते. पलीकडचे टेबल, पलीकडचा माणूस काही दिसत नाही. आपलीच बोटे, जी पेल्याला वेढून आहेत, तीही दिसत नाहीत. दिसते ते फक्त एवढेच की जिथे कातडी काचेला खरोखर टेकली आहे तिथे चांदीवर ठसे उमटले आहेत, आणि त्या ठशांत बोटावरची एकेक रेघ आहे. पकड सैल करा, ठसे विरतात. दाबा, पुन्हा उठतात. आम्ही तिघेही काही वेळ लहान मुलांसारखे पेले दाबत बसलो.

खाणावळीच्या मालकीणबाईंच्या सासूबाई दारात बसून हा प्रकार पाहत होत्या. त्यांनी पेला मागितला. त्यांनी तो धरला आणि आम्ही वरून डोकावलो. चांदी तशीच अभंग होती. एकाही बोटाचा ठसा नव्हता. "काय दिसतं?" आजींनी विचारले. आम्ही घुटमळलो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "रेशनच्या मशिनीतपन असाच होतो. माझा अंगठा कुठंच उमटत नाय."

पुढचे सारे लेखन त्या वाक्याच्या मागे लागून झाले आहे. पदार्थविज्ञान हा आमचा प्रांत नव्हे, आणि सहकाऱ्यांनी मसुदा वाचून तीन ठिकाणी लाल शाई वापरली हे कबूल करून टाकतो.

आमच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी खडूच्या फळ्याशेजारी एक मोठा काचेचा फळा लागला. त्यावर बोटाने लिहिता येते, पाने उलटता येतात, चित्र मोठे करता येते. तो लागला त्या पावसाळ्यात वर्गात एक विलक्षण गोष्ट घडली. दिव्याकडे आलेली एक पाकोळी काचेवर बसली आणि पडद्यावरचे पान उलटले. ती उडून पुन्हा बसली, आणखी एक पान. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पुढे आमच्या एका सहकारी बाईंचा पदर काचेला नुसता घासला तरी मजकूर सरकू लागला, तेव्हा कळले की हा फळा बोटाचा म्हणून नाही, कोणाचाही आहे.

त्याचे कारण असे की या फळ्याला स्पर्श कळतच नाही. खिशातल्या मोबाइलची काच विजेवर चालते; बोट हे वीज वाहणारे आहे म्हणून तिला ते कळते. मोठ्या फळ्याचे तसे नाही. त्याच्या चौकटीच्या दोन बाजूंना बारीक दिव्यांच्या रांगा असतात आणि समोरच्या दोन बाजूंना तितकेच प्रकाशग्राहक. हे दिवे अवरक्त प्रकाशाचे, म्हणजे आपल्या डोळ्याला न दिसणाऱ्या लालीपलीकडच्या प्रकाशाचे. काचेच्या पृष्ठभागापासून काही मिलिमीटर उंचीवर आडव्या आणि उभ्या किरणांचे एक अदृश्य जाळे पसरलेले असते. दिवे एकदम लागत नाहीत. एकामागून एक, सेकंदात कित्येक वेळा, लुकलुकत जातात, आणि यंत्र दर वेळी विचारत राहते: समोरच्याला हा किरण पोहोचला का? बोट आले की एक आडवा आणि एक उभा किरण अडतो. अडलेल्या आडव्यावरून ओळ कळते, अडलेल्या उभ्यावरून स्तंभ. बोट जाड असल्यामुळे शेजारशेजारचे दोन-चार किरण अडतात, काही पुरते, काही अर्धेमुर्धे. त्या कमीअधिक अडण्याचा मध्य काढून यंत्र बोटाची जागा किरणांमधल्या अंतरापेक्षाही सूक्ष्मपणे सांगते. बोट काचेला लागले की नाही हा प्रश्न त्याच्या लेखी नाहीच. जाळ्यात खंड पडला, एवढेच त्याचे ज्ञान. पाकोळीनेही तो पडतो, पदरानेही.

ही युक्ती नवी नाही, आणि तिचा जन्म वर्गासाठीच झाला, हे कळल्यावर आम्हांला आमच्या फळ्याबद्दल थोडी आपुलकी वाटू लागली. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० साली संगणकावरून शिकवण्याचा एक प्रकल्प सुरू केला होता. त्याचे नाव प्लेटो. त्याची चौथी आवृत्ती १९७२ साली आली, तेव्हा तिच्या पडद्याभोवती असेच अवरक्त किरणांचे जाळे होते. सोळा आडवे, सोळा उभे. म्हणजे सगळा पडदा अवघ्या २५६ चौकोनांत वाटलेला. पडद्यावर चित्रबिंदू होते ५१२ गुणिले ५१२. म्हणजे विद्यार्थ्याचे बोट ३२ बिंदूंच्या चौकोनात कुठेही पडले तरी यंत्राला ते एकच. जाळे भरडच होते. पण ज्या मुलाला कळफलक येत नाही त्यालाही उत्तराकडे बोट दाखवता येते, आणि बोट दाखवणे हे लिहिण्याच्या कितीतरी आधीचे शिक्षण आहे.

१९८३ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने एचपी-१५० हा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्याच्या कडेला बारीक छिद्रे होती आणि त्यांतून अवरक्त किरण जात. काही दिवसांनी छिद्रांत धूळ बसे आणि संगणकाला कोणी नसलेले बोट दिसू लागे. मग ती छिद्रे साफ करणे हे एक कामच होऊन बसले. धूळ ही फक्त आपल्याकडची अडचण आहे असा समज असणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आमच्या फळ्याची अडचण उन्हाची. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आले की फळा वेड्यासारखा वागतो. सूर्यप्रकाशात अवरक्त प्रकाश भरपूर असतो. ग्राहकांचे डोळे दिपतात आणि लुकलुकणारा आपला दिवा त्यांना त्या झोतात वेगळा ओळखता येत नाही. यावर आमच्या शिपाईदादांनी शोधलेला उपाय म्हणजे जाड पडदा.

सूक्ष्म यंत्राला आजूबाजूचा गोंगाट सहन होत नाही याचा एक जुना दाखला आम्ही काशीदला जाताना वाटेतच ओलांडला होता. अलिबागची चुंबकीय वेधशाळा. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्या विजेने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली हे काम समुद्रापलीकडे अलिबागला आणले गेले. दोन वर्षे दोन्हीकडे समांतर नोंदी घेतल्या गेल्या आणि १९०७ साली मुंबईत वीजट्राम धावू लागली तेव्हा अलिबागची माळ अखंड पुढे चालू होती. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की तिथल्या जुन्या यंत्रांतही काम प्रकाशाचेच होते. टांगलेल्या चुंबकाला एक चिमुकला आरसा जोडलेला, त्यावर दिव्याचा किरण, आणि परावर्तित किरण फिरत्या छायाचित्र-कागदावर. चुंबक केसभर हलला की कागदावरचा ठिपका सरकतो. त्याला काटा जोडला असता तर काट्याच्या वजनाने आणि घर्षणानेच चुंबकाची चाल बिघडली असती. प्रकाश हा बिनवजनी काटा आहे. हात न लावता जागा सांगतो.

किरणांचे जाळे विणायचे तर चौकटभर दिवे लागतात. त्याऐवजी दुसरी एक रीत आहे आणि तिच्यात आम्हांला इतिहास अधिक दिसतो. पडद्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन छोटे कॅमेरे बसवायचे, तिरके, काचेला समांतर पाहणारे. बाकीच्या तीन कडांना उजळ पट्टी. कॅमेऱ्याला एरवी नुसती उजळ रेघ दिसते. बोट आले की त्या रेघेत एक काळा खंड पडतो, म्हणजे सावली. सावली रेघेत कुठे आहे यावरून कॅमेऱ्याला फक्त कोन कळतो, अंतर कळत नाही. डावा कॅमेरा म्हणतो, बोट या दिशेला आहे. उजवा म्हणतो, माझ्याकडून त्या दिशेला आहे. दोन दिशांच्या रेघा जिथे छेदतात तिथे बोट. पडद्याची रुंदी १०० सेंटिमीटर धरा. वरच्या कडेशी डाव्या कॅमेऱ्याचा कोन ६० अंश आणि उजव्याचा ३० अंश आला, तर बोट डाव्या कडेपासून २५ सेंटिमीटरवर आणि वरच्या कडेपासून सुमारे ४३ सेंटिमीटर खाली आहे, हे शालेय त्रिकोणमितीने निघते. कॅनडातल्या स्मार्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने २००३ च्या सुमारास कोपऱ्यांत कॅमेरे असलेले फळे आणले. न्यूझीलंडच्या नेक्स्टविंडो कंपनीने ही रीत संगणकाच्या पडद्यांत रुजवली. २००९ साली विंडोज ७ आले आणि एकाहून अधिक बोटे ओळखण्याची सोय घरगुती संगणकात आली, तेव्हा काही काळ या कॅमेऱ्यांना बरे दिवस होते.

एक बाजू मोजा, तिच्या दोन टोकांवरून दोन कोन घ्या, तिसरा बिंदू तुमचा झाला: हे सूत्र नेदरलँड्सच्या बाजूला गेम्मा फ्रिसियस याने १५३३ साली नकाशांसाठी मांडले. आपल्याकडे याच सूत्राने हा सारा देश मोजला गेला. विल्यम लॅम्ब्टन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ साडेसात मैलांच्या आसपासची पायारेषा मोजायला सुरुवात केली. त्यानंतर अर्ध्या टनाच्या घरातले कोनमापक यंत्र डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ च्या जानेवारीत, नागपूरच्या वाटेवर, हिंगणघाटला त्याने देह ठेवला. वर्धा जिल्ह्यातल्या त्या गावी त्याचे थडगे आहे. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टला उत्तरेच्या धुरळ्यात दूरच्या खुणा दिसेनात, तेव्हा त्याने रात्री दिवे आणि दिवसा आरशांनी फिरवलेले ऊन वापरले. साठ-सत्तर मैलांवरचा प्रकाशबिंदू, आणि त्याकडे रोखलेला कोन. आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात जे घडते ते त्याचेच हातभर रूप आहे. आणि कोकणातल्या मच्छीमाराला हे लॅम्ब्टनने शिकवावे लागले नाही. समुद्रावर आपली जागा ध्यानात ठेवायची तर किनाऱ्यावरच्या खुणांच्या दोन रेघा डोळ्यांनी जुळवायच्या, ही दर्यावर्दी माणसांची जुनी रीत. काशीदसमोरच्या पाण्यात तर उत्तरेला कोर्लईचा डोंगर आणि दक्षिणेला पद्मदुर्ग आयतेच उभे आहेत.

या दोन्ही रीतींचा एक दोष एकच आहे. बोटे दोन झाली की यंत्र गोंधळते. दोन उभे आणि दोन आडवे किरण अडले तर छेदबिंदू चार होतात. त्यांतले दोन खरे, दोन मायावी. दोन कॅमेऱ्यांचेही तेच. या खोट्या बिंदूंना जाणकार भुते म्हणतात. भुते घालवायला तिरके किरण सोडतात, जास्तीचे कॅमेरे बसवतात, किंवा बोटे एका क्षणी एकदम टेकत नाहीत याचा फायदा घेऊन पहिल्या बोटाचा माग ठेवतात. आमच्या वर्गात दोन विद्यार्थिनींनी एकदमच फळ्यावर लिहायला घेतले तेव्हा तिसरीकडेच एक रेघ उमटली होती. ते भूतच असावे असे आता वाटते.

सावली पडली म्हणजे स्पर्श झाला. हे वाक्य लिहिताना मराठी माणसाची लेखणी थबकली पाहिजे. कारण आपल्याच इतिहासात हा नियम माणसांना लावला गेला आहे. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यांवर अस्पृश्यांची सावली सवर्णांवर पडू नये असा दंडक होता, याची आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या आपल्या भाषणात करून दिली आहे. त्याआधी नऊ वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यात त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी ओंजळ बुडवली. महाड तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात. काशीद ज्या जिल्ह्यात आहे त्याच. त्या व्यवस्थेला सावलीची जागा कळून पुरत नव्हती. सावली कोणाची, हाच तिचा पहिला प्रश्न होता. यंत्र आणि व्यवस्था यांची ही तुलना आम्ही फार ताणू इच्छित नाही. पण फळ्याच्या चौकटीत सावलीला जात नसते, पाकोळीचीही चालते, ही गोष्ट वर्गात शिकवणाऱ्याला क्षुल्लक वाटत नाही. हे यंत्र विचारते, बोट कुठे? बोट कोणाचे, हे ते विचारत नाही.

ते विचारणारे यंत्र वेगळे, आणि त्याची मुळे पेल्यातल्या प्रयोगात आहेत.

काचेच्या आतून तिच्या पृष्ठभागाकडे फार तिरका जाणारा किरण बाहेर हवेत निसटू शकत नाही. पुरता परत फिरतो. साध्या काचेत लंबापासून सुमारे ४२ अंशांपलीकडे कललेल्या प्रत्येक किरणाचे असे होते. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. पेल्याची चांदी ती हीच. पण हे परत फिरणे ऐन पृष्ठभागावर होत नाही. प्रकाश अगदी किंचित, आपल्या तरंगलांबीच्या जवळपास, बाहेर डोकावतो आणि मगच वळतो. न्यूटनला याचा सुगावा लागला होता. १७०४ सालच्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात त्याने किंचित फुगीर बाजूंचे दोन लोलक एकमेकांवर दाबण्याच्या प्रयोगाची नोंद केली आहे. जिथे दोन काचा प्रत्यक्ष टेकल्या होत्या तिथेच नव्हे, तर त्याच्या आसपासही, जिथे फट अतिसूक्ष्म होती, तिथून प्रकाश पलीकडे जात होता. कातडी काचेला टेकली की या डोकावणाऱ्या प्रकाशाला ती वाट देते, चांदी तिथे भंगते. बोटाच्या दोन रेघांमधल्या खाचेत हवा राहते. ती फट प्रकाशाच्या डोकावण्याहून कितीतरी मोठी, म्हणून तिथे चांदी शाबूत. म्हणूनच पेल्यात रेघ न् रेघ दिसते.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या जेफ हान यांनी २००५ साली हेच तत्त्व पडद्याला लावले. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या तावात कडेने अवरक्त प्रकाश सोडायचा. तो आतल्या आत उड्या मारत राहतो. वर बोट टेकले की त्या जागी प्रकाश फुटून खाली सांडतो, आणि खालचा कॅमेरा त्या उजळ ठिपक्याची जागा टिपतो. इथे भुते नाहीत, कारण कॅमेरा कडेने नव्हे तर समोरून पाहतो. दहा बोटे असोत, दहा ठिपके दिसतात. २००६ च्या फेब्रुवारीत त्यांनी हा पडदा जाहीर व्यासपीठावर दाखवला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने पोटात पाच अवरक्त कॅमेरे असलेले टेबल दाखवले. त्याच वर्षी आयफोन आला आणि खिशातली लढाई विजेच्या काचेने जिंकली. कॅमेऱ्याला मागे खोली लागते, किरणांना जाड चौकट लागते. खिशात दोन्हींना जागा नाही. मोठ्या फळ्यात मात्र किरणांची चौकट अजून टिकून आहे, कारण तिचा खर्च कडेच्या लांबीबरोबर वाढतो, क्षेत्रफळाबरोबर नव्हे. आमच्यासारख्या अनुदानावर डोळा ठेवून बसलेल्यांना हा हिशेब लगेच कळतो.

परंतु हान यांच्या आधीपासून हेच तत्त्व दुसऱ्या कामी जुंपलेले होते: अंगठ्याचे ठसे घेण्याच्या. काचेचा लोलक, खालून दिवा, दुसऱ्या बाजूने कॅमेरा. रेघा काळ्या, खाचा उजळ. तोच पेला, फक्त डोकावणारे आम्ही नव्हे.

अंगठा घेण्याची सरकारी रीत या देशातच रुजली. बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८५८ साली रस्त्याच्या खडीच्या एका करारावर ठेकेदाराच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे त्याने करार नाकारू नये, एवढाच हेतू. कलकत्त्यात १८९७ साली ठशांची कचेरी सुरू झाली. ठशांच्या वर्गीकरणाचे गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवले, नाव मात्र त्यांच्या वरिष्ठाचे, हेन्रीचे, लागले. आरंभापासून या ठशाच्या पोटात एक अविश्वास आहे: सही करणारा उद्या फिरेल.

आपल्याकडे त्याआधी कुणबी कागदावर नांगर काढत असे. जुन्या खतांवर नावापुढे 'निशाणी नांगर' असे लिहिलेले आम्ही पाहिले आहे. ती खूण माणसाची नव्हती, धंद्याची होती. एका गावात पन्नास नांगर. कागदावर काय लिहिले ते खूण करणाऱ्याला वाचता येत नसे. त्या न वाचलेल्या कागदांचा राग १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला पेटला. शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. आम्हांला या इतिहासात एक गोष्ट लक्षणीय वाटते. नांगर कोणालाही काढता येत होता, म्हणून तो फसवणुकीला सोपा. पण कोणाचा नांगर उमटला नाही असे कधी झाले नाही. अंगठा फसवणुकीला अवघड; पण तो न उमटण्याची शक्यता घेऊनच तो आला.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. दहा बोटांचे ठसे आणि दोन बुबुळे यांवरून माणूस ओळखायचा. काही वर्षांत रेशनच्या दुकानांत अंगठा घेणारी यंत्रे आली. दुकानदाराने दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलू नये हा हेतू रास्त आहे आणि असे धान्य उचलले जात होते हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न पेल्याचा आहे. अशा पुष्कळ यंत्रांना दोन गोष्टी लागतात. बोटावर रेघांचे उंचवटे हवेत, आणि ते काचेला नीट भिडावेत म्हणून कातडीत थोडा ओलावा हवा. वय वाढले की कातडी कोरडी पडते, तिची लवचीकता जाते. राख, चुना, सिमेंट, मीठ, दोर यांत आयुष्य गेले की रेघा झिजतात. म्हणजे जे हात जन्मभर कष्टले त्यांनाच काच ओळखत नाही. पांढरपेशाचा अंगठा चटकन उमटतो.

आजींनी चाळीस वर्षे कोळंबी सोलली आणि सुकट वाळवली. पहिल्यांदा अंगठा उमटला नाही तेव्हा त्यांना वाटले आपणच नीट दाबला नाही. मग तर्जनी, मग मधले बोट, मग दुसरा हात. मागे रांग. दुकानदाराने चांगुलपणाने दोनदा पुन्हा बोलावले. अंगठा जुळला नाही तर बुबुळ आहे, मोबाइलवर येणारा ओटीपी आहे, अशा वाटा नियमांत आहेत; पण आजींच्या कार्डाला जोडलेला मोबाइल क्रमांक कधीच बंद झालेला होता. आता घरातल्या धाकट्याचा अंगठा चालतो, म्हणून धान्य येते. "माझ्या नावाचा येतो, पन माझ्या बोटाचा नाय," असे त्या म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. आम्हीच तक्रार ऐकली.

आम्ही सहकाऱ्यांना विचारले, आमच्या वर्गातला फळा आजींचे बोट ओळखेल का? ते म्हणाले, न ओळखायला काय झाले. त्याला रेघा नकोत, ओलावा नको. बोट असले आणि प्रकाश अडला की पुरे. आजी त्यावर सहज अक्षर काढू शकतील. मग क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे अक्षर येत असेल तर."

"येतंय की," मालकीणबाई आतून म्हणाल्या. "सातवी झाल्यात त्या."

तोवर ताटे आली. आजींनी पेला अजून सोडला नव्हता. त्यांनी अंगठा पेल्यातल्या पाण्यात बुडवला, पदराला पुसला, पुन्हा काचेला लावला आणि चांगला जोर देऊन दाबला. आम्ही डोकावलो. मधोमध चांदी तशीच होती. पण अंगठ्याच्या डाव्या कडेला, नखाच्या बाजूने, तीन-चार रेघा उमटल्या होत्या. सहकाऱ्यांनी त्या त्यांना दाखवल्या. आजींनी एक डोळा मिटून बराच वेळ पाण्यात पाहिले आणि म्हणाल्या, "हां. ह्यो माझाच." मग ते पाणी अंगणातल्या माडाला घातले आणि दुसरा पेला भरून आणला.